बांबेर्गची बिअर

सव्वीस वर्षांच्या संसारात गेर्लिंडे आणि एबरहार्ड चार दिवस फिरायला म्हणून घराबाहेर पडले ते पहिल्यांदाच, आणि त्याचं श्रेय कुणाला द्यायचंच तर ते भट्टीला. दक्षिण जर्मनीत, आल्बच्या पठारावर ओबरहाल्डेन गावात त्यांची बेकरी. लाकडांवर तापणारी विटांची भट्टी एबरहार्डच्या आजोबांनी बांधलेली. नोव्हेंबरात तिच्या तळाला तडे गेले. गवंड्याने आत डोकं घालून पाहिलं आणि सांगितलं, विटा बदलाव्या लागतील, आणि मग माती वाळेपर्यंत आठवडाभर आत काडीसुद्धा ओढायची नाही. नववर्षाच्या गोड, गाठीसारख्या वळलेल्या ब्रेत्सेल विकून झाल्या की काम काढायचं असं ठरलं. त्या वर्षी सहा जानेवारीचा तीन राजांचा सण सोमवारी आला होता. शुक्रवार ते सोमवार, चार दिवस सलग मोकळे.

गेर्लिंडेने आधी तिकिटं काढली, खोल्या ठरवल्या आणि मग नवऱ्याला सांगितलं. आउग्सबुर्ग, न्यूर्नबेर्ग, बांबेर्ग. एक एक रात्र एकेका गावात.

"चार दिवस मी तिथे करू काय?" एबरहार्डने विचारलं.

"माझ्याबरोबर चालायचं. मी थांबले की थांबायचं, वर बघायचं, आणि मी 'छान आहे ना' म्हटलं की हो म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढं जमलं तरी गंगेत घोडं न्हालं."

तो हसला आणि कबूल झाला. इतक्या सहज कबूल होईल असं तिला वाटलं नव्हतं. एबरहार्डला परगावी नेणं म्हणजे काय असतं हे ती जाणून होती. भाचीच्या लग्नाला फ्रायबुर्गला गेले होते तेव्हा चर्चमधे घंटा वाजत होत्या, नवरीमुलगी दारात उभी होती, आणि हा तीन गल्ल्या पलीकडे एका बेकरीच्या मागच्या दाराशी परक्या माणसाशी राय या धान्याच्या पिठावर बोलत होता. रस्त्यावरून चालताना त्याचं नाक कायम पुढे. "इथे बडीशेप जास्त घालतात," "यांचा तळ करपला," "हे कालचं पीठ आहे," असं कोपऱ्यावरूनच सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. त्याच्या वडिलांचंही तसंच होतं. म्हातारा म्हणायचा, हात कुणालाही शिकवता येतात, बेकरचं नाक मात्र पाळण्यातून यावं लागतं.

गेर्लिंडेचं काम दुकानातलं. पहाटे साडेपाचला फळ्यांवर पाव लावायचे, सहाला दार उघडायचं, गावाची सुखदुःखं ऐकत दुपारपर्यंत उभं राहायचं. भट्टीघरात ती जायची ती फक्त परड्या उचलायला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकदा ती म्हणाली होती की आज पिठाच्या आंबवणाला वेगळाच वास येतोय. तेव्हा सासऱ्यांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं होतं, "दुकानातल्यांनी दुकानात बघावं." आंबवण त्या दिवशी खरोखरच बिघडलेलं होतं. तो घाणा डुकरांना घालावा लागला. पण तिने पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

आउग्सबुर्गला ते शुक्रवारी दुपारी उतरले. थंडी कोरडी होती, बर्फ पडून दोन दिवस झालेले, रस्त्याच्या कडेला त्याचे मळके ढीग. गेर्लिंडेने नगरभवनातलं सोन्याच्या छताचं दालन पाहिलं, मग त्याला जुन्या वस्तीत नेलं. तिथे घरांच्या पायाशी कालवे वाहतात, इतके अरुंद की एका टांगेत ओलांडावेत. एबरहार्ड थांबत होता, वर बघत होता, हो म्हणत होता. एका वळणावर उजव्या हाताला बेकरी होती. दार उघडं, आतून ताज्या पावाचा असा वास येत होता की गेर्लिंडेचीच पावलं रेंगाळली. तिने मनाशी म्हटलं, झालं, आता अर्धा तास गेला. पण एबरहार्ड हात खिशात घालून सरळ पुढे गेला. पुढच्या पुलावर उभा राहून पाण्यातलं बदक बघू लागला.

तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याच्या दंडात हात अडकवला. गेले तीन महिने त्याचे कठीणच गेले होते. ऑक्टोबरात तापाने आठवडाभर झोपवलं, मग भट्टीचं झेंगट. चिडचिडा झाला होता. शेजारच्या श्वेंकबाईंनी डिसेंबरात एक पाव परत आणून काउंटरवर ठेवला होता आणि म्हणाल्या होत्या, "एबरहार्डला सांग, माझं पोट काही लोणच्याची बरणी नाही." पाव खरंच फार आंबट होता. गेर्लिंडेने आत जाऊन सांगितलं तर त्याने हातातला पाट आपटला. तिला वाटलं, माणूस दमलाय. म्हणून तर ही सहल.

शनिवारी न्यूर्नबेर्ग. किल्ल्यावर खोल विहीर दाखवतात, तिथली बाई ताटलीत मेणबत्त्या ठेवून दोराने खाली सोडते आणि उजेडाचा ठिपका खाली खाली जाताना सगळे कठड्यावरून वाकून बघतात. एबरहार्डला ते फार आवडलं. कातळात एवढं खणायला किती वर्षं लागली असतील, माती वर कशी काढली असेल, असे दोन-चार प्रश्न त्याने विचारले. खाली उतरताना दोघांनी पावात घातलेले बोटाएवढे सॉसेज उभ्याउभ्याच खाल्ले. मोहरी तिला जास्त वाटली, त्याला नाही.

मग लेबकुखनचं दुकान. मध, बदाम आणि मसाल्यांची ती जाड, मऊ बिस्किटं तिला घरी न्यायची होती. दुकानात पाऊल टाकताच लवंग, दालचिनी, जायफळ, संत्र्याची साल असं सगळं अंगावर आलं. तिने एक तुकडा त्याच्या तोंडाजवळ धरला. "सांग बघू काय काय घातलंय."

त्याने खाल्लं. "चांगलं आहे."

"ते माहीत आहे. काय घातलंय?"

"अगं, सुट्टीवर आणलंयस ना मला?" तो म्हणाला. "मग सुट्टीवर राहू दे."

हेही तिला पटलं. संध्याकाळी खोलीत बहिणीला फोन करताना ती म्हणाली, की नवऱ्याला सुट्टी घ्यायला जमायला लागलंय. म्हातारपणी का होईना, शिकला.

रविवारी दुपारी ते बांबेर्गला पोचले. राहायची खोली माळ्यांच्या जुन्या वस्तीत होती, एका छोट्या बेकरीच्या वर. गावात दुसरं काही मोकळं नव्हतं म्हणून तिने ती घेतली होती आणि घेताना नवऱ्याच्या नावाने कपाळाला हात लावला होता. बेकरी चालवणाऱ्या त्साइटलरबाई साठीच्या, आडव्या अंगाच्या, विधवा. त्यांनी किल्ली दिली, पहाटे खालून आवाज येईल म्हणून आधीच माफी मागितली. एबरहार्डने मान डोलावली आणि आपणही बेकर आहोत हे सांगितलं नाही. गेर्लिंडेच्या मनात तेवढं एक खटकलं. पण थंडीत चालून दोघांना भूक लागली होती, आणि ते तिथेच राहिलं.

बांबेर्गला येऊन तिथली धुरकट बिअर चाखली नाही असं कुणी करत नाही. बीचच्या लाकडांच्या धुरावर सुकवलेल्या जवाची ती बिअर, रंगाने काळपट. जुन्या गावात एक बैठी, काळ्या तुळयांची खानावळ होती, तिथे लांब बाकांवर अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागत होतं. त्यांच्या समोर दॉटरवाइख नावाचे एक निवृत्त पोस्टमन बसले होते. पाहुणे पहिल्यांदा आलेत हे ऐकून ते सरसावले. पहिला ग्लास कुणालाच आवडत नाही, दुसरा चालतो, तिसऱ्यानंतर घरची बिअर पाणी वाटायला लागते, असं त्यांनी सांगितलं आणि नवख्यांची तोंडं बघायला टेबलावर कोपरं टेकून बसले.

गेर्लिंडेने एक घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. धुरांड्यात लटकवलेलं डुकराचं मांस कुणी चावून प्यालं तर असं लागेल. दॉटरवाइखना समाधान वाटलं. मग त्यांनी एबरहार्डकडे पाहिलं.

एबरहार्डने अर्धा ग्लास एका दमात संपवला, मिशी पुसली आणि ग्लास खाली ठेवला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

"वा," दॉटरवाइख म्हणाले. "तुमच्या यजमानांचं आजोळ बांबेर्गचं काय हो?"

गेर्लिंडे हसली नाही. धुरावलेलं काहीही एबरहार्डच्या घशाखाली उतरत नसे. लहानपणी मामाच्या धुरीघरात तो चुकून कोंडला गेला होता. तेव्हापासून धुरावलेला मासा, मांस, चीज, काही नाही. नाताळात तिच्या माहेरी हॅम कापलं की तो खिडकी उघडून उभा राहायचा. तोच माणूस आता दुसरा घोट घेत होता.

"हार्डी," तिने हळू विचारलं, "कशी लागते?"

"बिअरसारखी. जरा कडू." मग तिच्या डोळ्यांत पाहून तो थांबला. ग्लासाकडे पाहिलं, आजूबाजूच्या लोकांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपलं काहीतरी चुकलं हे त्याला कळलं. काय चुकलं ते मात्र त्याला कळलं नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

तिने दॉटरवाइखांशी दोन शब्द बोलून निरोप घेतला. बाहेर पडून दोघं नदीवरच्या पुलापर्यंत आले. पुलाच्या मधोमध, पाण्यातच पाय रोवून उभं राहिल्यासारखं जुनं नगरभवन आहे. लोक फोटो काढत होते. गेर्लिंडे कठड्याला टेकली.

"कधीपासून?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "ताप आला त्यानंतर. ऑक्टोबर."

"वास अजिबात येत नाही?"

"अजिबात नाही. खारट, गोड, आंबट, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पुठ्ठा."

मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. उल्मला लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातो म्हणून तो दोनदा नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाली, परत येईल, कदाचित येणार नाही, वर्षभर वाट बघावी लागेल. तिने चार बाटल्या दिल्या होत्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. त्या भट्टीघरात राखेच्या डब्यामागे होत्या. आंबवण तयार झालंय की नाही ते तो घड्याळावर ठरवत होता. कधी जमत होतं, कधी श्वेंकबाई पाव परत आणत होत्या.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बेकरचं नाक गेलं म्हणून?" गेलेलं नाक म्हणजे गेलेली अब्रू, असंच त्याने मनाशी धरलं होतं. "सुतार आंधळा झाला तर तो गावभर सांगत फिरतो का?"

"मी गाव आहे का?"

त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, आता निघालंच आहे तर सगळंच सांगतो. गुरुवारी उल्मला त्याची एका माणसाशी भेट ठरली होती. चाळीस दुकानांची साखळी असलेल्या एका मोठ्या बेकरीचा माणूस. त्यांना ओबरहाल्डेनमधे शाखा हवी होती. गेर्लिंडे दुकानात आहे तशीच राहील, पगारावर. भट्टी बंद. त्याला स्वतःला त्यांच्या गोदामात काम मिळेल.

"भट्टी बंद?" ती म्हणाली. "मग आत्ता तिला नव्या विटा कशाला घालतोयस?"

"गवंड्याला शब्द दिला होता."

नाक गेलं याचं तिला वाईट वाटलं होतं, इतकं की त्याला जवळ घ्यावं असं वाटत होतं. पण हे ऐकून ती त्याच्यापासून एक पाऊल मागे सरली. सव्वीस वर्षं तिने त्या काउंटरमागे उभं राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या होत्या. आणि तिच्या जागेचा सौदा, तिच्या पगारासकट, तिला न विचारता ठरत होता.

"मी जरा एकटी फिरून येते," ती म्हणाली. "तू खोलीवर जा."

ती चढ चढून कॅथेड्रलवर गेली. आत बाहेरच्यापेक्षा गारठा जास्त होता. ती प्रॉटेस्टंट घरातली, संतांची तिला सवय नव्हती, पण बसायला जागा होती आणि कुणी बोलत नव्हतं. मधोमध सम्राट हाइनरिश आणि सम्राज्ञी कुनिगुंडे यांची मोठी संगमरवरी कबर आहे. तिच्या एका बाजूला कोरलंय की नवऱ्याने संशय घेतला म्हणून कुनिगुंडे तापवून लाल केलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालत जातेय, आणि हाइनरिश शेजारी उभा राहून बघतोय. गेर्लिंडे ते बराच वेळ बघत राहिली. शेजारी एक म्हातारी जपमाळ ओढत होती, ती कुजबुजली, "पाय भाजले नाहीत तिचे."

"चेहरा बघा त्याचा," गेर्लिंडे म्हणाली. "त्याचेच भाजल्यासारखा उभा आहे."

म्हातारीने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि माळ पुढे ओढली.

तिथे बसल्याबसल्या गेर्लिंडेच्या मनात दोन गोष्टी आल्या. एक, की हा माणूस तीन महिने रोज पहाटे आंधळ्यासारखा चाचपडत पाव भाजत होता आणि एकही दिवस भट्टी बंद ठेवली नाही. दुसरी, की डिसेंबरातला तो पाव आंबट झालाय हे श्वेंकबाईंनी आणण्याआधीच तिला माहीत होतं. सकाळी साडेपाचला परडी उचलतानाच तिच्या नाकाला कळलं होतं. त्या आधीच्या आठवड्यातही दोनदा कळलं होतं. ती बोलली नव्हती. दुकानातल्यांनी दुकानात बघावं.

ती उठली. परत आली तेव्हा अंधार पडायला लागला होता, त्साइटलरबाई दुकानाचा उंबरा पुसत होत्या. गेर्लिंडेने सरळ विचारलं, उद्या सकाळी आम्ही दोघं भट्टीघरात आलो तर चालेल का.

"सुट्टीत भट्टी बघायला?" बाई फडकं पिळत म्हणाल्या. "म्हणजे बेकरच. मला तुमच्या नवऱ्याचे हात बघूनच वाटलं होतं. भाजलेल्याचे डाग आहेत."

"बेकर आहे. पण त्याला वास येईनासा झालाय."

त्साइटलरबाईंनी "अरे देवा" वगैरे काही म्हटलं नाही. उद्या सण आहे, माल थोडाच आहे, सहाला या, केस बांधून या, एवढं सांगितलं.

एबरहार्डला खोलीत हे सांगितल्यावर तो पलंगावर उठून बसला. परक्या बाईसमोर शोभा करतेस का माझी, असं म्हणाला. गेर्लिंडे बूट काढत होती. ती म्हणाली, मी सहाला खाली जाणार आहे, तुला यायचं तर ये.

सकाळी ती जिना उतरली तेव्हा मागे त्याची पावलं वाजली.

भट्टीघर लहान होतं, त्यांच्या निम्मं. बांबेर्गची ती शिंगांसारखी, लोण्याची होर्नला, म्हणजे वाकवलेले छोटे पाव, भाजायला ताटांवर तयार होती. कोपऱ्यात रायचं आंबवण मोठ्या बादलीत फुगलं होतं. त्साइटलरबाईंनी झाकण काढलं आणि बाजूला झाल्या. एबरहार्ड बादलीसमोर नुसता उभा राहिला. मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "सांग."

ती वाकली. "आंबट."

"आंबट तर असणारच. कसं आंबट? दह्यासारखं की व्हिनेगरसारखं?"

"दह्यासारखं." तिने पुन्हा हुंगलं. "आणि मागून... सफरचंद कापून ताटलीत ठेवलं आणि विसरून गेलो तर येतो तसा वास."

"नाकात झोंबतंय?"

"नाही. झोंबत नाही."

त्याने बाही सारली, मनगटापर्यंत हात घातला, बोटं उघडली, वर काढून पिठाचे धागे तुटताना बघितले. "अजून एक तास," तो म्हणाला.

"पाऊण," त्साइटलरबाई म्हणाल्या. "माझी खोली गरम आहे. पण बरोबर आहे तुमचं."

एबरहार्डने हात धुतले. टॉवेल त्याने फार वेळ हातात धरून ठेवला. मग त्याने तिला आणखी तीन-चार गोष्टी हुंगायला लावल्या. पीठ, कालचा उरलेला गोळा, भट्टीच्या दाराशी येणारी वाफ. प्रत्येक वेळी तो विचारायचा, कशासारखं? आणि तिला शब्द शोधावे लागायचे. ओलं पोतं. उकडलेला बटाटा. इस्त्री करताना येतो तसा. तिला आपल्याकडे हे सगळं होतं याचंच नवल वाटत होतं. बोलण्याच्या नादात, तोवर भट्टीत गेलेली होर्नला करपायला लागली ते मात्र तिच्या लक्षात आलं नाही. त्साइटलरबाईंनी धावत येऊन भट्टीचं दार उघडलं, एक ओळ काळी झाली होती.

"हे तर मला शेजारच्या खोलीतून कळलं," त्या म्हणाल्या. "शिकायला वर्ष जाईल तुम्हाला."

"भरून देते," गेर्लिंडे ओशाळून म्हणाली.

"कॉफीबरोबर खा म्हणजे झालं." मग जरा थांबून त्यांनी एबरहार्डला सांगितलं की त्यांचा स्वतःचा उजवा खांदा चार वर्षांपूर्वी कामातून गेला. मुलगी पीठ उचलते, त्या वळतात. पहिले सहा महिने त्या मुलीवर रोज ओरडत होत्या. "तुम्हीही ओरडाल," त्या म्हणाल्या. "ओरडा. पण मग माफी मागा, नाहीतर बायको काउंटरवर परत जाईल."

करपलेली होर्नला त्यांनी खाल्ली. एबरहार्डला ती आणि चांगली सारखीच लागत होती, म्हणून काळी त्याने आपल्याकडे घेतली.

परतीच्या गाडीत ते भांडले. खालच्या आवाजात, कारण डबा भरलेला होता, पण चांगले न्यूर्नबेर्गपासून आउग्सबुर्गपर्यंत. आता वास मी घेते, हात तू चालव, असं तिने सुचवलं होतं. त्याचं म्हणणं, एका सकाळीने काही सिद्ध होत नाही. तू पन्नाशी ओलांडलीस, रात्री तीनला उठणार का. तिचं म्हणणं, ते मी ठरवेन, तू नाही. तो म्हणाला, गुरुवारची भेट मी मोडणार नाही, शब्द दिलाय.

"मोडू नकोस," ती म्हणाली. "मीपण येते."

गुरुवारी ती गेली. साखळीचा माणूस सभ्य होता, तरुण होता, त्याने तिच्यासाठीही खुर्ची ओढली. पाव कोण करणार, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं की पिठाचे गोळे गोठवलेले येतील, दुकानात मशीनमधे फक्त भाजायचे, बटण दाबलं की झालं, वासही दुकानभर पसरतो, गिऱ्हाइकांना तो आवडतो. एबरहार्डने मान खाली घातली. गेर्लिंडेने आभार मानले आणि म्हणाली, आम्ही ईस्टरनंतर कळवू. बाहेर आल्यावर एबरहार्ड म्हणाला, "ईस्टरपर्यंत. त्याच्यापुढे एक दिवस नाही." तिने बरं म्हटलं.

फेब्रुवारी वाईट गेला. भट्टी नवी, नाक नवं. दोन घाणे श्वेंकबाईंच्या हंसांना गेले. एबरहार्ड ओरडला, आणि पहिल्या तीन वेळा त्याने माफी मागितली नाही. चौथ्या वेळी ती खरोखरच काउंटरवर जाऊन उभी राहिली, आणि दहा मिनिटांनी तो परडी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "चुकलो. ये आत." दुपारच्या विक्रीला त्यांनी गावातली एक बाई ठेवली, कारण तीनला उठून दुपारी दोनपर्यंत उभं राहणं गेर्लिंडेला झेपेना. मार्चमधे श्वेंकबाईंनी पुन्हा एक पाव काउंटरवर ठेवला. या वेळी फार सपक आहे, म्हणाल्या.

"बरोबर आहे," गेर्लिंडे म्हणाली. "काल माझं चुकलं."

"तुझं?" श्वेंकबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पुढच्या दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं, आणि एबरहार्डने ज्याची इतकी धास्ती घेतली होती ते काही झालं नाही. लोकांनी आठवडाभर चर्चा केली, एक-दोघांनी आपापल्या खोकल्याची आठवण सांगितली, आणि पाव नेत राहिले. ईस्टरनंतर त्यांनी साखळीच्या माणसाला दोन ओळींचं पत्र पाठवलं. त्याने उलट शुभेच्छा पाठवल्या.

मे महिन्यातल्या एका सकाळी, दुसरा घाणा भट्टीत गेल्यावर, गेर्लिंडेने नेहमीप्रमाणे दोन कप कॉफी आणली. एबरहार्डने कप तोंडाशी नेला आणि झटक्याने खाली ठेवला.

"यात काय पडलंय?"

"काही नाही. का?"

"रबर जळाल्यासारखी घाण येतेय."

तिने त्याचा कप उचलून हुंगला. कॉफी चांगली होती, रोजच्यासारखी. तिने आपला हुंगला, तोही चांगला. मग तिला कळलं की तो काय म्हणाला. डॉक्टरने सांगितलं होतं, वास परत यायला लागला तर आधी वेडावाकडा येतो.

"पुन्हा बघ," ती म्हणाली.

त्याने पुन्हा नाकाशी नेला. तोंड वेडंवाकडं केलं. "भयंकर आहे," तो म्हणाला. कप त्याने खाली ठेवला नाही, भट्टीचं दार उघडायची वेळ होईपर्यंत तसाच नाकाशी धरून बसला.